पत्र्याखालचा हिशेब

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या जीर्णोद्धारावर नव्या गाडीच्या कित्येक पट पैसा ओतावा का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले उत्तर हौशी लोकांचे: अशा गाड्यांच्या किमती वाढतच जातात, त्यामुळे ही सोन्यासारखी गुंतवणूक आहे. दुसरे सामान्य माणसाचे: हा पैसेवाल्यांचा माज आहे, तेवढ्या पैशात एक शाळा उभी राहिली असती. दोन्ही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोघांच्या हातात माप एकच आहे, ते म्हणजे रुपये. एकाला रुपये परत येताना दिसतात, दुसऱ्याला वाया जाताना. ते रुपये कशाचे रूप घेतात, हे मात्र दोघेही विचारत नाहीत. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे उथळ आहेत.

माझे प्रतिपादन असे: महागडा जीर्णोद्धार सार्थ ठरतो तो त्या पैशातून दोन गोष्टी टिकत असतील तर. एक, त्या वस्तूत साठलेली तिच्या काळाची साक्ष. दोन, ती वस्तू घडवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांचे कसब. पैसा जेव्हा या दोहोंना बाजूला सारून मालकाची आवड विकत घेतो, तेव्हा जे तयार होते ती नवी गाडी असते. ती सुंदर असू शकते, पण तिला जीर्णोद्धार म्हणणे चूक आहे. खर्च मोठा की लहान, हा मुद्दा यानंतरचा.

हा प्रश्न कॅलिफोर्निया किंवा कॉव्हेंट्रीसारख्या परदेशी मोटारकेंद्रांपुरता नाही. पनवेलजवळच्या ओवे गावातून पाहिले तर एकीकडे तळोजा औद्योगिक वसाहत आहे, थोड्या अंतरावर कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आणि ट्रक टर्मिनल आहे, आणि कळंबोलीहूनच पुण्याला जाणारा द्रुतगती मार्ग सुटतो. पत्रा येतो, कापला जातो, वाकवला जातो, रस्त्यावर धावतो आणि गंजून भंगारात जातो, हे सगळे चक्र या काही किलोमीटरच्या पट्ट्यात चालते. पत्र्याचे आयुष्य कधी वाढवावे आणि कधी संपू द्यावे, हा विचार करायला यापेक्षा योग्य जागा शोधावी लागणार नाही.

1. आधी शब्द नीट करू

‘रिस्टोरेशन’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळी कामे भरतो आणि मग वाद घालतो. पहिले काम जतनाचे: गाडी आहे तशी ठेवायची, गंज थांबवायचा, रबर, तेल, वायर बदलायची, पण मूळ रंग फिका असला तरी तो खरवडायचा नाही. दुसरे काम जीर्णोद्धाराचे: जे मोडले, सडले, हरवले ते मूळ पद्धतीने आणि शक्यतो मूळ साहित्यात पुन्हा करायचे, आणि कुठे काय केले याची नोंद ठेवायची. तिसरे काम नवनिर्मितीचे: जुन्या गाडीचा सांगाडा आणि आकार घेऊन आत नवे इंजिन, नवे ब्रेक, नवे सस्पेन्शन, मालकाने निवडलेले चामडे आणि रंग घालायचे. मालकाच्या मापाने घडवलेल्या महागड्या गाड्यांची जगभर जी चर्चा होते, ती बहुतेक या तिसऱ्या प्रकाराची असते.

मराठी माणसाला हा भेद समजावून सांगायची खरे तर गरज नाही, कारण मंदिरांच्या बाबतीत आपण तो रोज पाहतो. गावातल्या हेमाडपंती मंदिराचा ढासळलेला दगड पुन्हा त्याच जागी बसवणे हे एक काम. त्याच मंदिराला ऑइलपेंट मारून, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स बसवून, वर सिमेंटचा कळस चढवणे हे अगदी वेगळे काम. दोन्हींना गावात जीर्णोद्धारच म्हणतात, दोन्हींसाठी वर्गणी गोळा होते, दोन्हींमागे श्रद्धा असते. पण पहिल्याने मंदिर वाचते आणि दुसऱ्याने मंदिराचे वय पुसले जाते. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाबाबत 1964 साली मान्य झालेल्या व्हेनिस सनदेने हाच भेद तत्त्व म्हणून मांडला: जिथे पुरावा संपून अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धाराने थांबावे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ज्याची स्थापना 1966 ची, पुढे तुरिन सनद करताना याच विचाराचा आधार घेतला. मोटार ही वास्तूसारखीच सांस्कृतिक वस्तू आहे, तिच्यात केलेले बदल शक्यतो उलटवता यावेत आणि त्यांची नोंद राहावी, असे ती सनद सांगते.

2. पैसा नेमका कुठे जातो

खर्चाचा आकडा ऐकून आपण दचकतो, कारण तो एका वस्तूची किंमत म्हणून आपल्यासमोर येतो. प्रत्यक्षात तो मुख्यतः वेळेची किंमत असतो. गाडी पूर्ण खोलून, चेसिसपासून बॉडी वेगळी करून, प्रत्येक भाग साफ करून पुन्हा जोडायला लागणारे तास शेकड्यांत मावत नाहीत, हजारांत जातात. सडलेला पत्रा कापून तिथे नवा पत्रा हाताने ठोकून वळण द्यायचे, तो वेल्ड करायचा, शिवण घासून सपाट करायची. सिलिंडर झिजले असतील तर बोअर करून जाड पिस्टन घालायचे, किंवा लायनर बसवायचे. क्रँक ग्राइंड करायचा, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, कार्ब्युरेटर खोलून त्याचे जेट साफ करायचे, वायरिंगचा अख्खा संच नव्याने बांधायचा. यातले एकही काम यंत्रावर बटण दाबून होत नाही.

साधा हिशेब करू. समजा, एका गाडीला 2,000 तास लागले. तासाला 300 रुपये धरले तर मजुरीच 6 लाख रुपये होते. तेच काम ब्रिटनमध्ये तासाला 70 पौंडांनी करून घेतले तर 1,40,000 पौंड होतात. म्हणजे ‘एवढ्या पैशात काय काय झाले असते’ या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की त्या पैशात एका कुशल माणसाची सुमारे वर्षभराची रोजी झाली. सुट्या भागांचा खर्च मोठा असतो, पण जीर्णोद्धार खरा असेल तर त्याचा कणा मजुरीच असते.

इथेच चांगल्या आणि वाईट खर्चातली पहिली रेघ ओढता येते. दोन गाड्यांवर सारखाच पैसा खर्च झाला असे धरू. पहिलीत तो पत्राकाम, इंजिनकाम आणि जुने भाग वाचवण्यात गेला. दुसरीत तो आयात केलेले चामडे, क्रोमचा थर, महागडा रंग आणि संगीतयंत्रणेवर गेला, आणि सडलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून वरून पॉलिश केले गेले. प्रदर्शनात दुसरी गाडी जास्त उठून दिसेल. दहा पावसाळ्यांनंतर मात्र लांबीखालचा गंज वर येईल आणि सगळा पैसा फुगवटा होऊन सुटेल. कोकणपट्टीतल्या खाऱ्या दमट हवेत ही परीक्षा लवकर होते. म्हणून एकूण रक्कम विचारण्याआधी तिचे वाटप विचारावे. हातांच्या वेळेला किती आणि दिखाव्याला किती, हे प्रमाण कळले की अर्धा न्याय तिथेच होतो.

3. गाडी ही साक्षीदार असते

साक्षीची कसोटी अधिक अवघड आहे. सगळे भाग बदलल्यावर गाडी तीच राहते का? हा प्रश्न आपल्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे, आणि तोही वाहनाबद्दलच. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक वंशाच्या राजा मिनँडरला विचारतो, की रथ म्हणजे नेमके काय: आस, चाके, जू, की सांगाडा? यातला एकही भाग म्हणजे रथ नाही, आणि भाग वगळून वेगळा रथही सापडत नाही. रथ हे त्या भागांच्या मांडणीला दिलेले नाव आहे.

या विचारातून कुणी असा निष्कर्ष काढील की मग काहीही बदलले तरी चालेल, नाव तर तेच राहते. मला उलटा निष्कर्ष बरोबर वाटतो. नाव मांडणीला दिलेले असेल, तर ती मांडणी कोणी, कधी आणि कशी केली हाच त्या नावाचा अर्थ आहे. पत्र्यावरचे वेल्डचे टिपके, कारखान्यात घाईने मारलेला आतल्या बाजूचा रंग, एखाद्या मिस्त्रीने तीस वर्षांपूर्वी बसवलेला ब्रॅकेट, हे सगळे त्या मांडणीचे दस्तऐवज आहेत. त्यावरून पुढच्या पिढीला कळते की त्या काळी पत्रा किती जाड होता, काम कोणत्या क्रमाने होई, साहित्य टंचाईत कशाला काय पर्याय वापरला जाई. हे कागदावर कुठेच लिहिलेले नसते. खरवडले की ते कायमचे गेले.

दोन प्रसिद्ध उदाहरणे घेऊ. 2009 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली सिंगर ही कंपनी 1989 ते 1994 या काळातल्या पोर्शे 911 घेऊन त्यांची बॉडी, इंजिन, आतील सजावट मालकाच्या इच्छेप्रमाणे नव्याने घडवते. तिच्या एका मालिकेसाठी विल्यम्स या फॉर्म्युला वन परंपरेतल्या अभियंत्यांबरोबर हवेने थंड होणारे 4 लिटरचे, 500 अश्वशक्तीचे इंजिन तयार केले गेले. मूळ गाडीची ताकद होती सुमारे 250. कारागिरीच्या कसोटीवर हे काम विलक्षण आहे, त्यात शंका नाही. पण ताकद दुप्पट झाल्यावर, बॉडी कार्बन फायबरची झाल्यावर मूळ गाडीची साक्ष किती उरली? चेसिस क्रमांक आणि आकाराची आठवण एवढीच. ती आजच्या काळाने जुन्या काळाला केलेले वंदन आहे. तिची किंमत नवी उत्तम गाडी म्हणून ठरवावी.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे, कारण जग्वार 2008 पासून टाटा समूहाकडे, म्हणजे मुंबईच्या उद्योगसमूहाकडे आहे. 1957 च्या फेब्रुवारीत जग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली आणि एक्सकेएसएस या स्पोर्ट्‌स कारच्या ठरवलेल्या 25 पैकी 9 गाड्या जळाल्या. सुमारे साठ वर्षांनी कंपनीने जाहीर केले की त्या 9 गाड्या मूळ आराखड्यांप्रमाणे आम्ही आता पूर्ण करू, आणि प्रत्येकीची किंमत दहा लाख पौंडांहून अधिक ठेवली. इथे जुनी वस्तूच नाही, पण जुनी पद्धत आहे. हाताने ठोकलेली बॉडी, जुने मापन, जुने कास्टिंग पुन्हा शिकले गेले. म्हणजे साक्षीच्या कसोटीवर या गाड्यांना काहीच गुण नाहीत, पण कसबाच्या कसोटीवर भरपूर. त्या ग्राहकाला इतिहास विकत मिळत नाही, पण त्याच्या पैशाने विसरलेले तंत्र पुन्हा हातात येते. या दोन कसोट्या वेगवेगळ्या का ठेवाव्यात, ते या उदाहरणातून दिसते.

4. कायद्याने नकळत घेतलेली बाजू

भारतात हा वाद केवळ आवडीचा राहत नाही, कारण कायद्याने त्यात एक बाजू घेतली आहे. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. पुढे जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने तिच्यात बसतात. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची खास मालिका मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. ही वाहने रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर पडू शकतात.

या नियमाचा अर्थ नीट पाहिला तर तो जतन आणि जीर्णोद्धाराच्या बाजूने आणि नवनिर्मितीच्या विरोधात आहे. मालकाच्या मर्जीने आत नवे इंजिन बसवलेली जुनी गाडी आपल्याकडे व्हिंटेज ठरत नाही. मला हा नियम मूलतः योग्य वाटतो, पण एका बाबतीत तो अपुरा आहे. मोठा फेरबदल कशाला म्हणावे, याची कसोटी स्पष्ट हवी. सडलेला तळपत्रा तशाच पत्र्याने बदलणे आणि बॉडीची रुंदी वाढवणे या दोन्ही कामांत पत्रा कापला जातो, पण पहिले जीर्णोद्धार आहे आणि दुसरे विद्रूपीकरण. नियमाने हा भेद नीट केला तर प्रामाणिक मिस्त्रीला कागदपत्रांची भीती उरणार नाही, आणि व्हिंटेजच्या नावाखाली भलतेच काम करणाऱ्याला आडोसा मिळणार नाही.

5. पद्मिनी: आपल्या दारातली परीक्षा

महाराष्ट्रात या साऱ्या विचाराची खरी परीक्षा युरोपातल्या स्पोर्ट्‌स कारवर होत नाही. ती फियाटवर होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघू लागली, आणि 1974 पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. 1,089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, गोलसर पत्रा. तिच्यात शर्यतीची ताकद नव्हती, पण अनेक दशके शहरातला मध्यमवर्ग, टॅक्सीवाला, डॉक्टर आणि चित्रपट यांना तिने वाहून नेले. कुर्ल्याच्या त्या कारखान्यात दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली कामगारांचे लढे झाले. त्या पत्र्याला मुंबईच्या औद्योगिक इतिहासाचा स्पर्श आहे.

ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्याच्या सुमारे दीड महिना आधी, 15 सप्टेंबर रोजी, बेस्टची जुनी डिझेल डबलडेकरही थांबली. हजारो पद्मिनी भंगारात गेल्या. आता ज्या उरल्या आहेत त्यांच्या जीर्णोद्धारावर गाडीच्या बाजारभावाहून जास्त खर्च येतो, आणि गुंतवणुकीच्या हिशेबाने तो मूर्खपणा ठरतो. माझ्या दोन कसोट्यांवर मात्र तो सर्वांत सार्थ खर्च ठरतो. साक्ष आपली आहे, आणि कसबही आपले आहे. तिचे इंजिन उघडू शकणारे मिस्त्री अजून हयात आहेत, पण फार काळ असणार नाहीत.

इथे एक प्रश्न उभा राहतो, जो परदेशी गाड्यांच्या चर्चेत सहसा येत नाही. काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा जीर्णोद्धार कोणत्या क्षणापर्यंत करायचा? कारखान्यातून निघाली त्या दिवसापर्यंत नेली तर तिच्यावरून टॅक्सीचे आयुष्य पुसले जाईल. डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर, छपरावरचे कॅरिअर, डिकीतली सीएनजीची टाकी, आतल्या छताला लावलेले फुलाफुलांचे कापड, हातानेच रंगवलेली अक्षरे हे सगळे ‘मूळ’ नाही. पण मुंबईने तिला ज्या रूपात ओळखले ते हेच रूप आहे. माझे मत असे, की मूळ म्हणजे जन्माचा दिवस ही व्याख्या कारखान्याच्या दृष्टीची आहे, समाजाच्या दृष्टीची नाही. एखाद्या वस्तूचे सर्वांत अर्थपूर्ण रूप तिच्या वापरात घडते. म्हणून टॅक्सीचा जीर्णोद्धार टॅक्सी म्हणूनच व्हावा. त्यासाठी सीएनजीची टाकी ठेवावी लागली तर ठेवावी.

6. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप: जिथे शेतकऱ्याला कर्ज फेडता येत नाही तिथे गाडीवर लाखो उधळणे अनैतिक आहे. हा आक्षेप हलका नाही. पण तो सगळ्या चैनीला लागू होतो, आणि चैनीचे सगळे प्रकार सारखे नसतात. परदेशी बनावटीची तयार गाडी विकत घेतली तर पैशाचा मोठा भाग परदेशातील कारखान्यात आणि सीमाशुल्कात जातो. इथल्या गॅरेजमध्ये जुनी गाडी उभी केली तर तोच पैसा डेंटर, पेंटर, टर्नर, वेल्डर, शिवणकाम करणारा, प्लेटिंगवाला यांच्यात वाटला जातो. श्रीमंताने खर्च करूच नये अशी व्यवस्था आपल्याकडे नाही. निदान तो ज्या खर्चातून कसब जगते त्या खर्चाकडे वळावा, ही अपेक्षा रास्त आहे. आणि जो असा खर्च करतो त्याने तो गाडीच्या नव्हे तर कारागिराच्या नावाने मिरवावा, ही अपेक्षाही.

दुसरा आक्षेप: जुन्या गाड्या धूर ओकतात, स्वच्छ हवेच्या काळात त्यांना जगवणे चूक. रोज धावणाऱ्या जुन्या वाहनांबाबत हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. म्हणूनच टॅक्सीला वयोमर्यादा असावी आणि भंगार धोरण अमलात यावे याला माझा पाठिंबा आहे. पण वर्षाला काही मोजके किलोमीटर चालणारी व्हीए क्रमांकाची गाडी ही वेगळी बाब आहे. तिचा वापर कायद्यानेच आखून दिलेला आहे. हजारांतल्या नऊशे नव्वद गाड्या भंगारात जाव्यात आणि दहा नीट जपल्या जाव्यात, यात विसंगती नाही. पुस्तके रद्दीत जातात म्हणून ग्रंथालय बंद करत नाहीत.

तिसरा आक्षेप: मालकाची गाडी, मालकाचा पैसा, त्याला हवे ते करू द्या. सामान्य प्रतींबाबत हे मान्य करायला हवे. सिंगर ज्या पोर्शे वापरते त्या 60,000 हून अधिक बनल्या होत्या. त्यांतील काहींचे रूप बदलले तर साक्ष नष्ट होत नाही, इतर प्रती आहेतच. म्हणून दुर्मिळता हा इथे नैतिक मुद्दा बनतो. वस्तूच्या प्रती जितक्या कमी, तितका मालकाचा हक्क विश्वस्ताच्या हक्कासारखा. फेरारी 250 जीटीओच्या फक्त 36 गाड्या बनल्या. अशी एखादी मनाप्रमाणे बदलणे म्हणजे दुर्मिळ पोथीची पाने रंगवणे आहे. एके काळी सर्वत्र दिसणारी पद्मिनी आता वेगाने त्याच दिशेने चालली आहे, हे आपल्याकडच्या मालकांनी ध्यानात घ्यावे.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: मूळ रूप इतके पवित्र मानले तर गाडी चालवायची कशी? पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले असते. जुने रबरी पाइप, वॉशर आणि कार्ब्युरेटरचे काही भाग त्याने खराब होतात. ब्रेक जुने, टायर जुने, रस्त्यावर वेग नवा. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर तुरिन सनदेतच आहे. जो बदल उलटवता येतो, ज्याची नोंद आहे आणि ज्याशिवाय गाडी सुरक्षित चालणार नाही, तो योग्य. इथेनॉलला टिकणारा पाइप घाला, मूळ पाइप चिठ्ठी लावून ठेवा. जी गाडी कधीच सुरू होत नाही तिची अर्धी साक्ष मुकी राहते. इंजिनाचा आवाज, गिअर बदलताना हाताला जाणवणारा विरोध, तापलेल्या तेलाचा वास हेही ज्ञानच आहे. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये उभ्या असलेल्या लढाऊ वाहनांतून यंत्राचा आकार कळतो. पण ते चालते कसे हे कळायला चालवणारा माणूस आणि चालते ठेवणारा मिस्त्री लागतो.

7. कसबाचा वारसा कोण सांभाळणार

या चर्चेत सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो कारागीर. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातून हे मान्य झाले की वाद्याचे मोल भोपळ्यात आणि तारेत जितके आहे तितकेच ते घडवणाऱ्या घराण्यांच्या हातात आहे. मोटारीच्या बाबतीत आपण अजून तिथवर पोहोचलो नाही. प्रदर्शनात गाडीपुढच्या पाटीवर मालकाचे नाव असते, कंपनीचे असते, सालही असते. पत्रा कोणी ठोकला, इंजिन कोणी बांधले याचा उल्लेख नसतो. लाखो रुपयांचा खर्च ज्यांच्या हातून गेला, तेच निनावी राहतात.

म्हणून महागड्या जीर्णोद्धारावर माझी एक अट आहे, आणि ती मी सर्वांत महत्त्वाची मानतो: त्या कामाबरोबर एक शिकाऊ कारागीर असावा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि शीट मेटल वर्करचे अभ्यासक्रम आहेत. आता विजेच्या गाड्यांच्या दुरुस्तीचेही अभ्यासक्रम सुरू होत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण हाताने पत्र्याला दुहेरी वळण देणे किंवा आवाजावरून कार्ब्युरेटर लावणे हे वर्गात शिकता येत नाही. ते वस्तादाच्या शेजारी बसून, चुका करत शिकावे लागते. पनवेल-तळोजा पट्ट्यात असे वस्ताद अजून आहेत आणि शिकायला उत्सुक मुलेही आहेत. जो मालक 2,000 तासांचे काम करवून घेतो, त्याने त्यात दोनशे तास शिकवण्याचे धरावेत. खर्च थोडा वाढेल, पण गाडीबरोबर तिचे कसबही पुढच्या पिढीकडे जाईल.

8. चार कसोट्या

आतापर्यंतच्या युक्तिवादाचे सार चार प्रश्नांत मांडता येते. पैशाचा मोठा भाग हातांच्या वेळेला गेला का? गाडीत काय जुने ठेवले, काय बदलले याची फोटोंसह नोंद आहे का? केलेला बदल उलटवता येतो का, आणि प्रती दुर्मिळ असतील तर मालकाने स्वतःला आवर घातला का? आणि या कामातून कुणी काही शिकले का? चारही उत्तरे ‘होय’ असतील तर दहा लाखांचा खर्चही योग्य आणि एक कोटीचाही. चारही ‘नाही’ असतील तर गाडी कितीही चमकली तरी तो खर्च फक्त चमकीचा आहे, मग तो एक लाख असो.

गुंतवणूकवाल्याला आणि टीकाकाराला दोघांनाही ही कसोटी अडचणीची वाटेल, कारण ती आकड्याने उत्तर देऊ देत नाही. पण समाजाच्या दृष्टीने जीर्णोद्धाराचा खरा नफा आकड्यात उतरतच नाही. गाडी विकली जाईल, मालक बदलेल, किंमत चढेल आणि पडेल. बॉनेटखालच्या वेल्डच्या टिपक्यांतून कुर्ल्याच्या कामगारांचा हात वाचता येत राहिला आणि तो वाचू शकणारा तरुण मिस्त्री तळोजा-कळंबोलीच्या एखाद्या गॅरेजमध्ये उभा राहिला, तर तो खर्च कोणा एकाचा उरत नाही. मग तो आपल्या सगळ्यांच्या खात्यावर जमा होतो.